मोहोरबंद लखोटा

ऑरेगन हें अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक राज्य. तेथें राहणाऱ्या रॉब टोपोल्स्की या गृहस्थांस दोन गोष्टींचा नाद होता. पहिली, संगणकांचीं जाळीं. तो तर त्यांचा व्यवसायच होता. दुसरी, 'बार्बरशॉप' या नांवानें प्रसिद्ध असलेलें जुन्या धाटणीचें गायन. वाद्यांची साथ न घेतां चार कंठांनीं मिळून गावयाचें. विसाव्या शतकाच्या आरंभींचीं अशा गायनाचीं ध्वनिमुद्रणें त्यांच्या संग्रहीं होतीं, आणि २००७ सालीं तीं ते इंटरनेटच्या द्वारें इतर शौकिनांस देऊं करीत होते. देणारा तयार, घेणारे तयार; परंतु देणें कांहीं घडेना. जोडणी जुळे आणि लगेच तुटे. तेव्हां, एखाद्या जुन्या मुनिमानें वहीचें पान न् पान तपासावें त्याप्रमाणें, त्यांनीं आपल्या तारेवरून येणारा जाणारा प्रत्येक निरोप तपासण्यास आरंभ केला. त्या तपासणींतून जें बाहेर पडलें तें पुढें सरकारी आयोगापर्यंत आणि न्यायालयापर्यंत जाऊन पोंचलें.

ही हकीकत नीट कळण्यास प्रथम फाइलींची देवाणघेवाण कशी चालते तें पाहिलें पाहिजे. समजा, एखाद्या गांवांत एकाच घरीं एका ग्रंथाची हस्तलिखित पोथी आहे, आणि शंभर घरांस तिची नक्कल हवी आहे. प्रत्येकानें त्या एकाच घरीं जाऊन सबंध पोथी उतरून घ्यावयाची म्हटलें, तर यजमानाचा ओटा वर्षभर रिकामा व्हावयाचा नाहीं. त्याऐवजीं पोथीचीं पानें सुटीं करून दहा जणांस निरनिराळीं पानें द्यावींत, आणि ज्याचें जें पान उतरून झालें तें त्यानें दुसऱ्यास दाखवावें, असें ठरलें तर काम किती तरी लवकर उरकतें. ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणानें २००१ सालीं प्रसिद्ध केलेली बिटटॉरेंट ही पद्धति याच तत्त्वावर उभी आहे. फाइलीचे तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा आधींच नोंदून ठेवावयाचा, म्हणजे कोणाकडूनहि तुकडा आला तरी तो अस्सल कीं भेसळीचा हें लागलीच कळतें. या पद्धतींत घेणारा प्रत्येक जण देणाराहि असतो, आणि जो अधिक देतो त्यास अधिक मिळतें.

हा शेवटचा गुण फाइली घेणाऱ्यांस लाभाचा, तर वाहक कंपन्यांस तापाचा ठरला. अमेरिकेंत पुष्कळ घरांस इंटरनेट मिळतें तें दूरचित्रवाणीच्या केबलवरून. ही केबल मुळांत एकाच दिशेनें वाहण्यासाठीं घातलेली. कार्यक्रम केंद्राकडून घराकडे यावयाचे, घराकडून केंद्राकडे जावयाचें असें फारसें कांहीं नव्हतेंच. पुढें इंटरनेट आलें तेव्हां उलट दिशेसाठीं एक अरुंद वाट राखण्यांत आली. अमेरिकेंतील त्या वेळच्या योजनेंत ही वाट ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यांत होती, तर घराकडे येणारा प्रवाह त्याच्या वरच्या शेंकडों मेगाहर्ट्झांत पसरलेला असे. शिवाय एका आळींतील अनेक घरें ती अरुंद वाट मिळून वापरीत. एखाद्या घरानें ती रात्रंदिवस भरून टाकली, तर शेजारच्या घरीं इंटरनेटवरून चाललेलें संभाषण तुटक ऐकूं येऊं लागे. वाहकाची ही अडचण काल्पनिक नव्हती, हें येथें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे.

रस्ता अरुंद असेल तर रहदारीस नियम घालणें हा वाहकाचा अधिकार कोणीहि समंजस मनुष्य नाकारणार नाहीं. प्रश्न इतकाच कीं, नियम कोणता, आणि तो सांगून कीं न सांगतां? अमुक मापाहून अधिक माल कोणीहि नेऊं नये, असा नियम करतां आला असता. परंतु अनेक कंपन्यांनीं मालाचें माप न पाहतां मालाची जात पाहिली. बिटटॉरेंटचा माल दिसला कीं त्याच्यापुरता नळ आवळावयाचा, आणि ग्राहकानें विचारलें तर बहुधा मौन धरावयाचें. कॅनडांत हा प्रकार २००५ च्या सुमारासच ग्राहकांच्या लक्षांत येऊं लागला होता.

माल ओळखणें त्या काळीं मोठें सोपें होतें. बिटटॉरेंट सॉफ्टवेअर बहुधा ६८८१ ते ६८८९ या क्रमांकांच्या दारांनीं येजा करी. तेव्हां त्या दारांवर पहारा बसला. लोकांनीं दारें बदललीं. तेव्हां पहारेकऱ्यांनीं आंत डोकावून बोलणें ऐकण्यास आरंभ केला. बिटटॉरेंटच्या रिवाजाप्रमाणें दोन संगणकांची पहिली भेट ठराविक शब्दांनीं होते. प्रथम १९ ही संख्या, आणि तिच्या पाठोपाठ 'बिटटॉरेंट प्रोटोकॉल' हीं इंग्रजींत मधल्या मोकळ्या जागेसह १९ अक्षरें भरणारीं दोन पदें. उघड्या पोस्टकार्डावर ठळक अक्षरांत नांव लिहावें तसाच हा प्रकार. कंपनीच्या यंत्रानें तेवढें वाचलें कीं त्याचें काम झालें.

यावर उपाय म्हणून जो तोडगा निघाला तो पोस्टकार्डाऐवजीं लखोटा वापरण्याचा. २००५ च्या अखेरीस आणि २००६ च्या आरंभीं अझ्युरियस व यूटॉरेंट या दोन लोकप्रिय सॉफ्टवेअरांच्या कर्त्यांनीं एक समान कूटलेखनपद्धति स्वीकारली. कूटलेखन म्हणजे ज्यास रोजच्या बोलण्यांत एन्क्रिप्शन म्हणतात तें. परंतु कूटलेखनास किल्ली लागते, आणि पूर्वीं कधीं न भेटलेल्या दोन संगणकांनीं, वाटेंत पहारेकरी ऐकत असतां, किल्ली ठरवावी कशी? याचें उत्तर डिफी व हेलमन या दोघां अमेरिकन संशोधकांनीं १९७६ सालींच देऊन ठेविलें होतें. प्रत्येक पक्षानें एक संख्या मनांत धरावी, तिच्यावर ठरलेली गणिती क्रिया करून येणारी दुसरी संख्या उघडपणें पाठवावी, आणि समोरून आलेल्या संख्येवर पुन्हां आपली गुप्त संख्या चालवावी. दोघांचें उत्तर एकच येतें, आणि मध्यें ऐकणाऱ्यास तें व्यवहारांत काढतां येत नाहीं. बिटटॉरेंटवाल्यांनीं या गणितासाठीं ७६८ बिटांची, म्हणजे आपल्या नेहमींच्या रीतीनें लिहिल्यास २३२ अंकी, अविभाज्य संख्या घेतली. किल्ली ठरली कीं पुढील मजकूर आरसी-४ या कूटरीतीनें झांकावयाचा. रॉन रिव्हेस्ट यांनीं १९८७ सालीं रचलेली ही रीति चपळ, परंतु तिच्या प्रवाहाचा आरंभ दुबळा. म्हणून पहिलीं १०२४ अक्षरस्थानें टाकून देऊन मग ती वापरावयाची. शिवाय निरोपाच्या लांबीवरून ओळख पटूं नये म्हणून आरंभींच्या निरोपांत कमीअधिक निरर्थक मजकूर भरावयाचा.

युक्ति चतुर होती, आणि केवळ शब्द वाचून नळ आवळणाऱ्या यंत्रांपुढें ती चाललीहि. परंतु तिचा हेतु मर्यादित होता. ही तिजोरी नव्हे, बुरखा होता. ज्यांच्याशीं देवाणघेवाण चालते त्यांच्यापासून ती कांहींच लपवीत नव्हती. कोणताहि परका त्याच फाइलीची मागणी करून मंडळींत सामील झाला कीं इतरांचे पत्ते त्यास दिसतच. ज्यांनीं परवानगीवांचून चित्रपट व गाणीं वांटण्यासाठीं या मार्गाचा अवलंब केला, आणि असे लोक पुष्कळ होते, त्यांनीं कूटलेखन म्हणजे कायद्यापासून कवच अशी समजूत करून घेतली असेल, तर ती चुकीची होती. स्वतः ब्रॅम कोहेन यांनीं तर या युक्तीवर उघड टीका केली. आणि पहारेकरीहि स्वस्थ बसले नाहींत. लखोट्याच्या आंतील मजकूर दिसत नसला तरी एका घरांतून एकाच वेळीं पन्नास ठिकाणीं लखोटे जात आहेत, त्यांचें वजन अमुक, वेळ अमुक, एवढें तर बाहेरूनहि दिसतें. त्यावरून तर्क करणारीं यंत्रें निघालीं. भरीस भर म्हणजे, त्या फाइलीच्या देवाणघेवाणींत कोण कोण सामील आहेत हें विचारण्यासाठीं संगणक ज्या मध्यवर्ती नोंदस्थानाकडे जात, तेथील बोलणें या पद्धतींत उघडेंच राहिलें होतें.

आतां पुन्हां ऑरेगनकडे वळूं. टोपोल्स्की यांना जें आढळलें तें नुसतें नळ आवळणें नव्हतें. त्यांचा वाहक कॉमकास्ट ही अमेरिकेंतील सर्वांत मोठी केबल कंपनी होती. इंटरनेटच्या शिष्टाचारांत कोणाहि पक्षास संभाषण एकाएकीं मोडावयाचें असल्यास 'जोडणी रद्द' अशा अर्थाचा एक लहानसा निरोप पाठवितां येतो. असे निरोप त्यांच्या संगणकाकडे मोठ्या संख्येनें येत होते. प्रत्येकावर समोरच्या पक्षाचा पत्ता होता, परंतु त्यांचा कर्ता समोरचा पक्ष नसून वाटेंतील कोणी तरी असावा असें दिसत होतें. ऑक्टोबर २००७ मध्यें असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनें स्वतंत्र परीक्षा घेतली. तिनें मुद्दाम बायबलाची जुनी किंग जेम्स प्रत धाडून पाहिली. कारण ती वांटण्यास कोणाची हरकत असण्याचा संभव नव्हता. तीनपैकीं दोन वेळां प्रत अडविली गेली, आणि तिसऱ्या वेळीं दहा मिनिटांच्या विलंबानंतर ती निघाली. नोव्हेंबरांत इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनेंहि दोन्ही टोंकांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि हाच निष्कर्ष काढला. वाटेंतील टपालवाला दोघांच्याहि सह्या करून दोघांसहि 'आतां पत्रव्यवहार पुरे' असें कळवीत होता, आणि दोघांसहि वाटत होतें कीं समोरच्यानेंच संबंध तोडला.

येथें कूटलेखनाची खरी मर्यादा उघड होते. 'जोडणी रद्द' हा निरोप लखोट्याच्या आंत नसतो. तो पत्त्याच्या बाजूस, बाहेर असतो. बाहेरची बाजू उघडी ठेवल्यावांचून टपाल पोंचणारच नाहीं. म्हणून आंतला मजकूर कितीहि पक्का मोहोरबंद केला, तरी बाहेरच्या बाजूवर खोटी सही करणाऱ्यास त्याचा अडथळा होत नाहीं. सबंध वाहतूकच एखाद्या दूरच्या संगणकापर्यंत बंद बोगद्यांतून नेण्याची सोय आहे. तीस व्हीपीएन म्हणतात. तीमुळें हें संकट टळतें. पण त्यास पैसे पडतात, बहुधा वेग घटतो, आणि जो विश्वास आधीं वाहकावर ठेवावयाचा तो आतां बोगद्याच्या मालकावर ठेवावा लागतो. विश्वासाचा प्रश्न सुटत नाहीं. फक्त घर बदलतो.

कंपनीनें प्रथम फाइलींची देवाणघेवाण आपण अडवीत असल्याचा इन्कार केला. पुढें, अडवीत नाहीं, फक्त गर्दींत विलंब लावतों, अशी भूमिका घेतली. १ नोव्हेंबर २००७ रोजीं फ्री प्रेस व पब्लिक नॉलेज या लोकहितवादी संस्थांनीं अमेरिकेच्या दळणवळण आयोगाकडे अर्ज केला. १ ऑगस्ट २००८ रोजीं आयोगानें तीन विरुद्ध दोन मतांनीं निर्णय दिला कीं, कंपनीचें वर्तन गैर होतें. हा अडथळा केवळ गर्दीच्या ठिकाणीं व गर्दीच्या वेळीं होतो हें म्हणणेंहि आयोगास पटलें नाहीं. वर्षअखेरपर्यंत ही रीत बंद करावी आणि तिच्या जागीं काय करणार तें जाहीर करावें, असा हुकूम झाला. दंड मात्र झाला नाहीं. पुढें ६ एप्रिल २०१० रोजीं वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयानें आयोगाचा हुकूम रद्द केला. परंतु तो खोट्या सह्या योग्य ठरवून नव्हे, तर आयोगास असा हुकूम करण्याचा अधिकार कायद्यानें दिलेला नाहीं या कारणावरून. तेव्हांपासून तेथें हा झोंका चालू आहे: २०१५ सालीं नियम झाले, २०१७ च्या डिसेंबरांत ते काढण्याचें ठरलें, २०२४ सालीं पुन्हां आणण्याचें ठरलें, आणि २ जानेवारी २०२५ रोजीं न्यायालयानें ते पुन्हां अमान्य केले.

परंतु मौज अशी कीं, मूळ तंटा पुष्कळसा मिटला तो कोर्टांत नव्हे. तो मिटण्यास दोन साध्या गोष्टी कारण झाल्या. पहिली गोष्ट कंपनीनें केली. २००८ च्या अखेरपर्यंत तिनें मालाची जात पाहणें सोडलें आणि माप पाहण्याची नवी रीत जाहीर केली. आळींतील वाट गर्दीनें भरली असेल तेव्हांच, आणि एखाद्या ग्राहकानें आपल्या ठरलेल्या वेगाच्या ७० टक्क्यांहून अधिक वापर सतत सुमारें पंधरा मिनिटें केला असेल तरच, त्याचा माल कांहीं वेळ इतरांच्या मागून जाईल. मग तो माल पोथीचा असो, चित्राचा असो वा गाण्याचा. या नियमास लखोटा उघडण्याची गरजच पडत नाहीं. ही रीत कंपनीनें पुढें २०१० सालीं इंटरनेटच्या सार्वजनिक तांत्रिक दप्तरांतहि सविस्तर नोंदविली.

दुसरी गोष्ट फाइली वांटणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनीं केली. त्यांनीं वाहतुकीची एक नवी चाल बसविली, आणि २०१० पासून यूटॉरेंटमध्यें ती सर्रास वापरांत आली. या चालींत संगणक आपल्या निरोपांस वाटेंत किती उशीर होतो तें सतत मोजतो. उशीर वाढूं लागला, म्हणजे मागें इतरांची रांग लागली आहे असें समजून तो आपण होऊन आंखडतें घेतो. वाट मोकळी झाली कीं पुन्हां पुढें सरतो. या विचाराची रीतसर नोंद २०१२ सालीं झाली, आणि तींत अशा उशिराची मर्यादा १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा, धरण्यांत आली. अरुंद बोळांत समोरून पालखी आली असतां बाजूस सरणाऱ्या वाटसरूसारखेंच हें वर्तन होय. वाहकानें उघड नियम सांगितला, वाटसरूनें शेजाऱ्याची चाड धरली, आणि तंट्याचें निम्मेंअधिक कारण नाहींसें झालें.

शेजारच्या कॅनडांत हाच प्रश्न वेगळ्या वाटेनें सुटूं लागला. मार्च २००८ मध्यें तेथील सरकारी नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्था सीबीसी हिनें आपला एक कार्यक्रम बिटटॉरेंटनेंच लोकांस विनामूल्य वांटला. देणारी संस्था सार्वजनिक, माल तिचाच, घेणारे तिचेच प्रेक्षक. तरी वाहकांनीं नळ आवळलेला असल्यामुळें कित्येकांस तो कार्यक्रम उतरून घेण्यास तासन् तास लागले. मालाची जात पाहून चोर ठरविण्यांतील दोष याहून स्पष्ट कोणतें उदाहरण दाखवील? पुढें २१ ऑक्टोबर २००९ रोजीं तेथील नियामक मंडळानें ठरविलें कीं, वाहकानें अशी रीत वापरावयाची झाल्यास तिची गरज सिद्ध करतां आली पाहिजे, आणि घरगुती ग्राहकांस तिची माहिती निदान तीस दिवस आधीं दिली पाहिजे. आपल्या देशांतहि जुलै २०१८ मध्यें केंद्रीय दूरसंचार विभागानें तत्त्व मान्य केलें कीं, मजकुराच्या जातीवरून अडविणें, मंद करणें वा पुढें काढणें होऊं नये. रहदारीची वाजवी व्यवस्था मात्र करतां येईल. ठराविक डेटा संपल्यावर वेग कमी होईल, असें जें कलम पुण्यामुंबईच्या घराघरांतील इंटरनेट योजनेंत आढळतें, तें ग्राहकांस रुचत नसलें तरी तें मापाचें कलम आहे, आणि आधीं छापलेलें आहे. तें वाचून योजना घ्यावी वा न घ्यावी, हें ग्राहकाच्या हातीं राहतें.

कूटलेखनाची निंदा करण्याचें यांत कारण नाहीं. आज बँकेचा व्यवहार, वैद्यांचा सल्ला, घरचीं पत्रें, बहुतेक सर्व कांहीं मोहोरबंदच जातें, आणि तसेंच जावें. आपलें पत्र टपालवाल्यानें वाचूं नये ही इच्छा धरण्यास मनुष्य गुन्हेगार असावा लागत नाहीं. परंतु या हकीकतींतून एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी निघते. मोहोर ही अविश्वासाची खूण आहे. ती मजकूर राखते, वाट राखीत नाहीं. ज्या दिवशीं ग्राहकास पहारेकऱ्यापासून माल लपवावा लागला, त्याच दिवशीं दोघांमधील करार मोडला होता, आणि चतुराईच्या कोणत्याहि शर्यतीनें तो पुन्हां सांधला गेला नसता. तो सांधला गेला तो सर्वांस सारखा लागू असलेला नियम उघडपणें सांगितला गेल्यानें, आणि शेजाऱ्याचीहि तीच वाट आहे याची आठवण ठेवल्यानें. टोपोल्स्की यांनीं याहून अधिक कांहीं मागितलें नव्हतें. त्यांचें म्हणणें इतकेंच होतें कीं, चार जणांचें जुनें गाणें पांचव्याकडे पाठवितांना वाटेंतील कोणी त्यांच्या नांवानें खोटें बोलूं नये.